एवढ्या दाढ्यांत एकटी बाई

दुपारची जेवणं उरकली, भांडी पालथी घातली आणि बायकोला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून तिच्या पाठीशी उशी सारली, की ते हातमोजे घालत. पांढरे, सुती, बोटांच्या टोकांशी विरलेले. बायकोनेच ते शिवले होते, तिचे हात तिचं ऐकत होते तेव्हा. मग ते भिंतीकडच्या कपाटाचा एक खण ओढून काढत, टेबलावर ठेवत आणि मऊ कुंचल्याने एकेका पदकावरची धूळ झटकत. धूळ बहुतेक वेळा नसायचीच. पण त्यांनी हाती घेतलं आणि पूर्ण झालं, असं दिवसभरात एवढंच एक काम होतं. बाकीची कामं नुसती उद्यावर जात.

ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभी हयात दुकानोदुकानी फिरून तराजू तपासण्यात गेली. भाजीवाले, धान्यवाले, सोनार, भंगारवाले, सगळे त्यांना ओळखत. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले, की "आले हो, तराजूवाले आले" हा निरोप त्यांच्या आधी शेवटच्या दुकानापर्यंत पोचे. माणूस सज्जन, पण कामाला चिकट. कुठलंही वजन हातात आलं, की आधी ते उलटं करून बुडाची सरकारी मोहोर बघायची आणि मग बाकीचं बोलायचं. दुकानदार थट्टा करत, "साहेब, घरी चहाचा कप दिला तरी आधी उलटा करून मोहोर बघत असाल."

"बघतात ना," बायकोने एकदा एका दुकानदाराला भर बाजारात सांगितलं होतं, "म्हणून तर रोज सदरा धुवायला पडतो."

कचेरीत मखमलीच्या पेटीत प्रमाण वजनं असत. बाजारातली वजनं त्यांच्याशी ताडून बघायची. त्यांना उघड्या हाताने शिवायचं नाही, अशी सक्त ताकीद होती, कारण बोटाचं तेल लागलं की धातू हळूहळू बदलतो आणि वजन खोटं होतं. उचलायची ती चिमट्याने, नाहीतर मोजे घालून. ही शिस्त तराजूवाल्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की घरातल्या पदकांनाही त्यांचा उघडा हात कधी लागला नाही.

पदकांचा नादही त्यांना तराजूपायीच लागला. एका भंगारवाल्याकडे ते तपासणीला गेले होते. तिथे वजनांच्या रांगेत एक वजन कमी, आणि त्याच्या जागी त्या पठ्ठ्याने ब्राँझचं एक जाडजूड पदक ठेवलेलं. एका बाजूला लांब केसांचा, धारदार नाकाचा माणूस. दुसऱ्या बाजूला झाड आणि झाडाखाली पडलेलं सफरचंद.

"हे काय?"

"वजनच की, साहेब. तोलून बघितलंय मी. बरोबर भरतं."

ते बरोबर भरत नव्हतं. ते थोडं जास्त भरत होतं, आणि भंगार विकत घेणाऱ्याला तेच सोयीचं होतं.

"अरे, वस्तू खाली का पडते हे ज्याने जगाला समजावलं, त्यालाच तू खोटं वजन म्हणून बसवलंस?"

"मला काय ठाऊक, साहेब, कोण आहे ते? केस बघून मला वाटलं, कुणीतरी राजा असेल."

तराजूवाल्यांनी त्याला रीतसर नोटीस दिली. पुढे ते प्रकरण मिटलं तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी ते स्वतः जाऊन ते पदक विकत घेऊन आले.

बायको तेव्हा शिवणाच्या यंत्रावर बसली होती. आसपासच्या गल्ल्यांतल्या मुलींचे फ्रॉक आणि बायकांचे कोट ती घरी शिवून देई. तोंडातली टाचणी काढून तिने पदकाकडे बघितलं.

"अहो, हा कोण? केस बायकी आणि तोंड एवढं आंबट."

"मोठा शास्त्रज्ञ आहे."

"सफरचंद नुसतं बघतच बसला वाटतं. खाल्लं असतं तर तोंड जरा गोड झालं असतं."

तेव्हापासून तो सफरचंदवाला झाला. मग कळलं, की एका टांकसाळीने थोर शास्त्रज्ञांच्या शताब्द्यांच्या निमित्ताने अशी पदकांची मालिकाच काढली होती. तराजूवाले हात धुऊन त्या मालिकेच्या मागे लागले. जुन्या वस्तूंची दुकानं, मोडीत निघालेल्या घरांचे लिलाव, निवृत्त प्राध्यापकांचे माळे, काही सोडलं नाही. दुर्बीणवाला आला, चुंबकवाला आला, जंतूवाला आला, माकडवाले आजोबा आले. नावं बायकोने ठेवायची आणि घरात तीच चालायची. मुलगी लहानपणी शाळेतल्या परीक्षेत 'माकडवाले आजोबा' असं उत्तर लिहून आली होती. बाईंनी शून्य दिलं. बायको शाळेत जाऊन भांडली, "उत्तर बरोबर आहे, फक्त घरगुती आहे."

"एवढे दाढीवाले घरात आणून ठेवलेत," ती म्हणायची. "एवढे शोध लावले, पण एकालाही वस्तरा सापडला नाही."

मालिकेत बाई एकच होती. अंबाडा बांधलेली, उंच कपाळाची, समोर न बघता हातातल्या काचनळीकडे बघणारी. तिला बायकोने किरणवाली असं नाव दिलं. तिचं पदक मिळवायला तराजूवाल्यांना सगळ्यांत जास्त वर्षं लागली. आधी मिळालं ते मागाहून पाडलेलं. म्हणजे चेहरा तोच, आकार तोच, पण टांकसाळीचा मूळ ठसा थोड्या प्रती पाडून झाल्यावर तडकला होता आणि नवा ठसा घडवून पुढची पदकं पाडली होती. मालिकेतल्या पहिल्या ठशातल्या प्रत्येक पदकाच्या कडेवर डोळे बारीक करून बघावा असा एक तारा होता. नंतरच्यावर तो नव्हता. पहिल्या ठशातली किरणवाली त्यांना मिळाली तेव्हा मुलीचं लग्नही होऊन गेलं होतं. त्या दिवशी ते बसस्टॉपवरून घरी धावत आले, आणि तशी त्यांना धावायची सवय नव्हती.

"बघू बघू," म्हणत बायकोने हात पदराला पुसून पुढे केला.

"अगं, मोजे घाल आधी."

"मी शिवलेले मोजे मीच घालू, तेही एका बाईला हात लावायला?" तिने हात मागे घेतला. "राहू दे. मला हात लावताना तुम्ही कधी मोजे घातले नाहीत, तेवढं पुष्कळ झालं." मग लांबूनच नीट निरखून ती म्हणाली, "हिला मधे नका ठेवू हं. एवढ्या दाढ्यांत एकटी बाई, गुदमरेल. कडेला ठेवा, खिडकीच्या बाजूला."

त्यांनी तिला कडेला ठेवली. जुनं, ताऱ्याशिवायचं पदक कागदी पाकिटात घालून त्याच खणाच्या मागच्या कप्प्यात गेलं.

पुढे एके दिवशी बायकोने एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. दोघं खूप हसली. कोट ज्या बाईचा होता तीही हसली. मग बायको सुईत दोरा ओवायचा म्हणून बसे आणि सुईकडे बघतच राही. मग गॅस चालू राहू लागला, दार उघडं राहू लागलं, आणि हसण्यासारखं काही उरलं नाही. आता ती खिडकीजवळच्या खुर्चीत असे. सकाळी एक मावशी येऊन तिला न्हाऊ घालून, वेणी घालून जात. उरलेला सगळा दिवस आणि सगळी रात्र तराजूवाल्यांची. ते तिला भरवत, पुसत, उठवत, बसवत, आणि त्याच प्रश्नाला तेच उत्तर पुन्हा नव्याने देत. चिडायलाही अंगात ताकद लागते, आणि ती ते सकाळीच खर्चून बसलेले असत.

तिचे हात मात्र थांबत नसत. चादरीचे दोरे ओढ, उशीच्या अभ्र्याची शिवण उसव, पडद्याचा काठ सोडव. ज्या बोटांनी जन्मभर टाके घातले, त्याच बोटांनी ती आता घरातला एकेक टाका काढत होती. हाताला काही मिळालं नाही, की स्वतःच्या हातावरची कातडी ओरबाडायची. मग रक्त, मग औषध, मग रडणं.

"हातात धरायला काहीतरी द्या काकूंना," मावशी म्हणाल्या. "आमच्या सासूबाईंना आम्ही किल्ली दिली होती. मरेपर्यंत धरून होत्या. कुलूप केव्हाच मोडीत गेलं होतं."

त्यांनी बटणांचा डबा दिला. तिने बटणं तोंडात घातली. चेंडू दिला, तो तिने खिडकीतून टाकला. लाटणं दिलं, ते मावशींच्या कपाळाला लागता लागता राहिलं.

"राहू द्या, काका," मावशी कपाळ चाचपत म्हणाल्या, "किल्लीच बघू कुठेतरी."

त्याच सुमारास मुलीचा फोन आला. ती दूरच्या शहरात नोकरी करायची. मन मोकळं, पण बोलणं रोखठोक.

"बाबा, तुम्ही आहात तोवर ठीक आहे. पण पुढे त्या पदकांचं मी काय करू? मला तर सगळे आजोबा सारखेच दिसतात. शेवटी भंगारात जातील."

भंगार हा शब्द त्यांच्या जिव्हारी लागला. सफरचंदवाल्याला जिथून सोडवून आणला, तिथेच सगळी फौज परत जाणार! त्यांनी शहरातल्या नव्या विज्ञान केंद्राला पत्र लिहिलं, आणि तिथल्या संग्रहपाल बाई घरी आल्या.

तरुण होत्या. चष्मा डोळ्यांवर कमी आणि डोक्यावर जास्त. बोलणं भराभर. पण पिशवीतून स्वतःचे मोजे काढून त्यांनी हातात चढवले, तेव्हा तराजूवाल्यांचा जीव भांड्यात पडला.

"काका, तुमचे मोजे कुठे मिळाले? काय सुरेख शिवण आहे."

"घरचे आहेत," ते म्हणाले. खुर्चीतली बायको खिडकीबाहेर बघत होती.

संग्रहपाल बाईंनी खणामागून खण बघितले. किरणवालीपाशी त्या थांबल्या. पदक अलगद उचलून कड उजेडाकडे फिरवली आणि चष्मा डोक्यावरून खाली डोळ्यांवर आणला.

"तारा! काका, तारा आहे हिच्यावर! आख्खी मालिका पहिल्या ठशातली? तुम्हाला कल्पना आहे का, काय आहे हे?"

कल्पना त्यांच्याइतकी कुणालाच नव्हती, पण ते नुसते "हो" म्हणाले.

"मग स्पष्टच सांगते. आमच्या दर्शनी दालनात एक काचेचं कपाट मोकळं आहे. समितीचं म्हणणं असं, की तिथे पहिल्या ठशातली पूर्ण मालिका ठेवायची, नाहीतर काहीच नाही. एखादं पदक झिजलेलं असलं तर चालेल, वापरलेली वस्तू झिजतेच. पण नंतरच्या ठशातलं नको. तसं असेल तर मग सगळीच तळघरातल्या भांडारात. तिथे नीट राहतील, पण बघायला कोण येणार? वर्षातून एखादा अभ्यासक."

"आमची पूर्ण आहे," तराजूवाले म्हणाले.

त्या गेल्यावर त्यांना बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं. शाळेतली पोरं रांगेने काचेसमोरून जातील, कुणीतरी नाक काचेला लावेल, कुणीतरी म्हणेल, हा बघ सफरचंदवाला. त्यांनी आयुष्यात हाती घेतलेलं एक तरी काम तडीला जाईल, आणि मग ते बिनघोर थकतील.

केंद्राला प्रत्येक पदकाचं छायाचित्र हवं होतं. ते काम त्यांनी खिडकीच्या उजेडात टेबलावर मांडलं. नंतरच्या ठशातली किरणवालीही त्यांनी पाकिटातून काढून पहिलीशेजारी ठेवली, दोन्हींतला फरक दिसावा म्हणून. तेवढ्यात बायकोने हातावरची खपली काढली. रक्त बघून ती घाबरली आणि रडू लागली. त्यांनी फडकं आणलं, मलम आणलं. ती मोज्यावरून त्यांचाच हात ओरबाडू लागली. आदली रात्र जागून काढलेली, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. त्यांनी ताऱ्याशिवायची म्हणून टेबलावरची एक किरणवाली उचलली आणि तिच्या मुठीत दिली.

तिचं रडणं थांबलं. तिने अंगठा पदकावरून फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. कापडाचा पोत बघताना ती अशीच अंगठा फिरवायची. तिचे खांदे खाली आले. दुसरी किरणवाली त्यांनी खणात कडेला ठेवून दिली आणि खुर्चीशेजारी जमिनीवरच बसले ते बसल्या बसल्या झोपी गेले.

तेव्हापासून घरात शांतता आली. बायको दिवसभर पदक धरून बसे, रात्री ते उशीखाली ठेवी. चादरी शाबूत राहू लागल्या. मावशी म्हणाल्या, "हा बिल्ला लकी निघाला, काका." बिल्ला नव्हे, पदक, असं त्यांनी मावशींना सांगितलं. पण नाराजीने नव्हे. कधी कधी बायको बोलायचीसुद्धा. "हिला कडेला ठेवा," असं एकदा म्हणाली. ते चमकून तिच्याकडे बघत राहिले, पण पुढे काही नाही.

नेण्याचा दिवस जवळ आला तेव्हा त्यांनी पदकं मऊ कागदात गुंडाळायला घेतली. गुंडाळण्याआधी प्रत्येकाची कड बघायची, ही जुनी खोड. सफरचंदवाल्याच्या कडेवर तारा. चुंबकवाल्याच्या, जंतूवाल्याच्या, माकडवाल्या आजोबांच्याही. किरणवाली उचलली, फिरवली. तारा नाही.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा फिरवली. मग सावकाश मान वळवून खुर्चीकडे बघितलं.

बायकोच्या मुठीतलं पदक बघायला त्यांना तिची बोटं सोडवावी लागली नाहीत. तिने अंगठा फिरवता फिरवता कड त्यांच्याकडे केली, आणि खिडकीच्या उजेडात तारा दिसला. किरणवालीच्या अंबाड्यावरचा काळसर रंग उडून तिथे पिवळं तेज आलं होतं. नाकाचा शेंडा बोथट झाला होता.

जन्मभर लोकांच्या वजनांची बुडं बघत फिरलेला माणूस, आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने, कड न बघता दिलं! एका दुकानदाराने अशी चूक केली असती तर नोटीस निघाली असती.

मग त्यांना संग्रहपाल बाईंचं बोलणं आठवलं. झिजलेलं चालेल. म्हणजे अजून काही बिघडलं नव्हतं. अदलाबदल केली की झालं. तिला काय कळणार? चेहरा तोच, आकार तोच.

बायको दुपारची पेंगली तेव्हा त्यांनी मोजे घालून तिच्या मुठीतून पहिली किरणवाली काढली आणि दुसरी ठेवली. चोरट्यासारखं वाटलं. कपाटापाशी जाऊन पदक जागेवर ठेवलं, खण बंद केला.

ती जागी झाली. अंगठा फिरवला आणि थांबली. पदक डोळ्यांजवळ नेलं, लांब केलं, पुन्हा अंगठा फिरवला.

"हे नव्हे," ती म्हणाली.

"तेच आहे गं."

"हे नव्हे. पोत वेगळा."

"अगं, तीच किरणवाली. बघ, अंबाडा बघ."

"मला शिकवता?" ती म्हणाली, अगदी पूर्वीच्या, यंत्रावर बसलेल्या बाईच्या आवाजात. त्यांनी आशेने तिच्या तोंडाकडे बघितलं. तोवर तो आवाज गेला होता, आणि पदक भिंतीवर आपटून पलंगाखाली गेलं होतं.

पुढचे दिवस त्यांचा जीव मेटाकुटीला आला. ती पदक शोधत होती. काय शोधतेय हे तिला सांगता येत नव्हतं, पण शोधत होती. उशीखाली, परकराच्या घडीत, त्यांच्या खिशात, चहाच्या कपात. सापडलं नाही की रडायची. रडून झालं की उसवायची. पडदा गेला, चादर गेली, हातावरची जखम पुन्हा उघडली. तिने जेवण तोंडाबाहेर काढलं. त्यांनी पुन्हा पुन्हा ते दुसरं पदक तिच्या हातात दिलं, आणि तिने पुन्हा पुन्हा ते टाकून दिलं.

मावशींनी ते जमिनीवरून उचलून बघितलं. "काका, काकूंचा बिल्ला हा नाही का?"

"हाच आहे."

"मग घेत का नाहीत?" त्यांनी तराजूवाल्यांच्या तोंडाकडे बघितलं. केस विंचरायला घेतले.

केंद्राची गाडी यायची होती त्या दिवशी त्यांनी पेट्या दाराशी रचल्या. एकच खण गुंडाळायचा राहिला होता. मोजे खुर्चीच्या हातावर काढून ठेवून ते चहा करायला आत गेले. परत आले तर बायको गप्प बसली होती. तिच्या मांडीवर पांढरे सुती तुकडे पडले होते. एका बोटाचा पुढचा भाग, एका बोटाचा मागचा, एक मनगटाची पट्टी. दोन्ही मोजे तिने उसवले होते. इतके सफाईने, की कापडाला कुठे ओरखडासुद्धा नव्हता. टाके कुठून सुटतात ते घालणाऱ्यालाच ठाऊक असतं.

ते तसेच चहाचा कप हातात धरून उभे राहिले. राग येईल म्हणून वाट बघितली. आला नाही. आली ती फक्त झोप, उभ्या उभ्या.

कप टेबलावर ठेवून ते खणापाशी गेले. कडेची किरणवाली ताऱ्यासकट तिथे होती. आता मोजे नव्हते. त्यांनी ती उघड्या हाताने उचलली. धातू थंडगार होता. वजन मोज्यातून वाटायचं त्याहून जास्त वाटलं. बायकोच्या मांडीवरचे तुकडे बाजूला करून त्यांनी ती तिच्या तळहातावर ठेवली.

तिने अंगठा फिरवला. "हां," ती म्हणाली, जणू कुणी उशिरा का होईना, निरोप आणून दिला होता.

संग्रहपाल बाई आल्या तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. बाई ऐकत होत्या, मधे मधे खुर्चीकडे बघत होत्या. मग त्या आवाज उतरवून म्हणाल्या, "काका, ते झिजलेलं मी आनंदाने घेईन. सांगितलं होतं ना."

"ते तिच्याकडे आहे."

"दिसतंय." त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला. "मग असं करू. दुसरं मी घेते. काचेच्या मागे एकदा बसलं, की कड कोण बघतंय? समितीत कुणीही बघणार नाही. तुमचं कपाट होईल. मी कुणाला काही बोलणार नाही."

चांगल्या मनाने बोलत होत्या. तराजूवाल्यांना दर्शनी दालन दिसलं. काचेला लावलेली नाकं दिसली. मग, का कोण जाणे, तो भंगारवाला दिसला. बरोबर भरतं, साहेब, तोलून बघितलंय मी.

"मी बघायचो ना कड," ते म्हणाले. "जन्मभर दुसऱ्यांच्या कडा बघितल्या. आता माझी कुणी बघू नये, असं कसं म्हणू?"

"मग भांडार, काका."

"तिथे धूळ असते?"

"नसते. बंद खण असतात, हवा मोजून सोडलेली."

"मग चालेल," ते म्हणाले. मग आठवून म्हणाले, "तिला कडेला ठेवा. मधे नको."

बाईंनी का ते विचारलं नाही. पलंगाखालचं पदक काढून, पुसून, त्यांनी ते गुंडाळलं. पाकिटावर तराजूवाल्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'नंतरचा ठसा. तारा नाही.' पेट्या गाडीत चढल्या. दारात निरोप घेताना बाईंनी त्यांचा उघडा हात दोन्ही हातांत धरला, आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. "झालं का सगळं, बाबा? लागलं कपाट?"

"तळघरात आहेत. नीट आहेत."

"तळघरात? का?"

"सांगेन केव्हातरी," ते म्हणाले. "तुझ्या आईला भरवायचं राहिलंय."

जेवणं उरकली, भांडी पालथी घातली, बायकोच्या पाठीशी उशी सारली. नेहमीच्या सवयीने ते मोजे घ्यायला गेले. मोजे नव्हते. कपाटाचा खण ओढला, तो हलका होता आणि सरळ हातात आला. तो परत लावून ते खुर्चीशेजारच्या स्टुलावर येऊन बसले. करण्यासारखं काही नव्हतं, आणि ती जागी असताना झोपायचंही भय होतं.

बायको अंगठा फिरवत होती. किरणवालीचं बोथट नाकही आता पिवळं चमकत होतं. बघता बघता तिने हात लांब करून पदक त्यांच्या तळहातावर ठेवलं. ते तिच्या मुठीत तापून ऊबदार झालं होतं, नुकत्याच दिलेल्या चहाच्या कपासारखं. ते तसेच बसून राहिले. मग सवय गेली नव्हती म्हणून त्यांनी ते फिरवलं आणि कडेवरचा तारा शोधू लागले.

"काय उलटंपालटं करताय?" ती म्हणाली. "पाडाल. द्या इकडे."

त्यांनी दिलं.